शून्य दिल्यास थांबत नाही

३ मार्च, सोमवार

ऑफिसच्या सिंकमध्ये कुणाचा तरी कप तळाला हिरवी बुरशी धरून पडला आहे. आजचा नाही, गेल्या आठवड्यापासूनचा. प्रत्येक जण तो दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवतो, आपला कप धुतो आणि मग तो घाणेरडा कप पुन्हा होता तिथे नेऊन ठेवतो. एवढी शिस्त या लोकांनी कामात दाखवली असती तर! मी धुणार नाही. माझा नाही तो.

सकाळीच साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आमच्या साहेबांचं ऑफिसातलं नाव 'सारांश'. कुणी आगीची वर्दी घेऊन आलं तरी हे म्हणणार, "थोडक्यात सांगा." आज मात्र स्वतःच लांबण लावत होते. तेव्हाच ओळखलं, प्रकरण शेकणारं आहे.

शहराची रुग्णवाहिका सेवा आमची लायब्ररी वापरते. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. नातेवाइकांना हे समजावता समजावता माझे केस गेले. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला हाक मारायची, उत्तर घ्यायचं, आणि उत्तर आलं नाही तर किती ताटकळायचं ते ठरवायचं, एवढं करून देणारा तयार कोड. तो मी लिहिला आहे. रुग्णवाहिकेतलं ॲप त्याच्या जोरावर एकेका रुग्णालयाच्या सर्व्हरला विचारतं, "खाट रिकामी आहे का?" पहिला बोलला नाही तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला.

शनिवारी एका रुग्णालयाच्या सर्व्हरने फोन उचलला आणि तोंडच उघडलं नाही. आमच्या धंद्यातला हा सर्वांत किळसवाणा प्रकार. जो उचलतच नाही तो परवडला. पुढचा नंबर लावता येतो. उचलून गप्प बसणारा सर्व्हर आणि उचलून गप्प बसणारा माणूस, दोघांना एकाच उकिरड्यावर फेकावं. ॲपच्या पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं. चालकाने गाडी कडेला घेतली आणि चक्राकडे बघत बसला, कारण नियमच असा की ॲप सांगेल तिथे जायचं, मनाने जायचं नाही. मागे एक निवृत्त शिक्षिका, पक्षाघाताचा झटका आलेली. वाचली बाई. पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं.

"आपली चूक आहे का? थोडक्यात," सारांश म्हणाले.

"नाही."

"इतकं थोडक्यात नको."

४ मार्च, मंगळवार

सापडलं. रुग्णवाहिकावाल्यांनी वेळमर्यादेच्या जागी शून्य भरून ठेवलं आहे! कुठल्या शहाण्याने भरलं कोण जाणे. आमच्या लायब्ररीत शून्य म्हणजे मर्यादाच नाही. उत्तर येवो न येवो, ती बसून राहणार, दारात ठाण मांडून बसलेल्या सावकारासारखी. आणि हे आम्ही लपवून ठेवलेलं नाही. माहितीपुस्तिकेत छापून दिलं आहे. पान सोळा, खालून तिसरी ओळ: 'शून्य दिल्यास थांबत नाही.'

या ओळीचा मला अभिमान आहे, तो का ते लिहितो. आमचा कोड तपासणाऱ्या चाचणीवाल्या बाईंनी मूळ मसुद्यात लिहिलं होतं: 'वेळमर्यादेच्या जागी शून्य दिल्यास लायब्ररी समोरून उत्तर येईपर्यंत अमर्याद काळ वाट बघत राहील, त्यामुळे शून्य देताना काळजी घ्यावी.' म्हणजे प्रवचन. पुस्तिका आपल्या भाषेत हवी आणि आटोपशीर हवी, असा साहेबांचा हुकूम. मी लाल पेन घेतलं आणि वाक्याची चरबी काढली. चार शब्द उरले. साहेब म्हणाले, "वा! याला म्हणतात थोडक्यात." बाई म्हणाल्या, "काहीतरी गेलं हो यातून." मी म्हटलं, "चरबी गेली."

लोक वाचत नाहीत, हे खरं दुखणं. सोळा पानं वाचताना यांना जांभया येतात, आणि माणसं मागे निजवून गाड्या हाकतात.

६ मार्च, गुरुवार

शून्य भरणारा शहाणा कोण, ते आज कळलं. माझा साडू.

लिहिताना पेनसुद्धा कचरलं. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गेल्या वर्षी रुग्णवाहिका सेवेत प्रोग्रामर म्हणून लागला, तेव्हा घरभर कोण कौतुक! त्यांना आमची लायब्ररी घ्यायला सुचवलीही यानेच. "दादांचं काम आहे, डोळे मिटून घ्या." घेतली. आणि याने डोळे मिटले ते मिटलेच.

हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "नोकरी जाईल का त्याची?"

"जायला हवी."

"अहो, मी काय हवं ते विचारलं नाही."

९ मार्च, रविवार

साडू आणि मेहुणी आली होती. साडू नेहमीप्रमाणे पायपुसण्यावर दोनदा पाय पुसून आत आला. त्याच्या या नम्रपणाचीच मला शिसारी आहे. मुंगीला वाट देऊन मग पाऊल टाकणारा माणूस. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. म्हणे रोज संध्याकाळी त्या शिक्षिकाबाईंच्या उशाशी जाऊन बसतो. त्या बोलू शकत नाहीत, हा पेपर वाचून दाखवतो. घरात आग लागलेली, आणि हा शेजाऱ्याच्या कुंडीला पाणी घालतो आहे.

"दादा, मी घोटाळा केला का हो?"

"केलास."

"पण पुस्तिकेत तर लिहिलंय," आणि शाळेत कविता म्हणावी तसं डोळे वर करून त्याने म्हणून दाखवलं, "शून्य दिल्यास थांबत नाही. पान सोळा, खालून तिसरी ओळ."

"मग?"

"मग थांबत नाही ना. म्हणजे विचारून ठेवते आणि लगेच पुढच्याला विचारायला जाते. उत्तर आलं की निरोप देते. मला तेच हवं होतं. मागे पेशंट असताना थांबायचं कशाला?"

इतका उलटा अर्थ एखादा शुद्धीवरचा माणूस काढू शकतो! "अरे, थांबत नाही म्हणजे वाट बघायची थांबत नाही! बघतच राहते!"

मेहुणी गप्प बसणाऱ्यांतली नाही. "भाऊजी, 'वाट बघायची' हे कुठे लिहिलंय?"

"ते गृहीत आहे."

"कुणाच्या गृहात?"

स्वयंपाकघरातून ही खुसखुसल्याचं मी ऐकलं. मग हात पुसत बाहेर आली. "बरं, मी तुम्हाला फोनवर म्हटलं, मी दवाखान्यात थांबत नाही. तर काय समजाल?"

"की तू निघालीस."

"हं."

"माणसाचं वेगळं, यंत्राचं वेगळं," मी म्हणालो. "नळ गळायचा थांबत नाही म्हणतो, तेव्हा काय नळ निघून जातो का?"

"तिथे 'गळायचा' म्हणतो की आपण," ही म्हणाली, आणि पुन्हा आत गेली.

बायकांशी व्याकरण बोलू नये. मी मुद्द्यावर आलो. साडूला विचारलं, "वापरण्याआधी चाचणी तरी केली होतीस?"

"केली ना. बरेच दिवस केली. पण चाचणीत सगळे सर्व्हर लगेच बोलत होते. गप्प कुणी बसलंच नाही."

हे घ्या. सगळे गोड बोलणारे गोळा करायचे, त्यांच्यावर परीक्षा घ्यायची आणि जगात जायचं. मी त्याला हे ऐकवलं, आणखीही बरंच ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं. जाताना म्हणाला, "चहा छान होता." चहाला हात लावला नव्हता. वर साय धरून तो थंडगार पडला होता.

११ मार्च, मंगळवार

आज गंमत म्हणून ऑफिसात लोकांना ती ओळ वाचायला दिली. काही बोलायचं नाही, फक्त विचारायचं: याचा अर्थ काय? हिशेबनीस म्हणाला, वाट बघत नाही. पहारेकरी म्हणाला, वाट बघतच राहते. सर्व्हरखोलीतला माणूस म्हणाला, बंद पडत नाही, म्हणजे चांगलंच असेल. एकंदरीत निम्मे असे, निम्मे तसे. आमच्या ऑफिसातली निम्मी माणसं निरक्षर आहेत, हा माझा जुना संशय आज पक्का झाला.

चाचणीवाल्या बाईंना विचारलंच नाही. त्या आपणहून आल्या. "सर, माझं जुनं वाक्य घालून नवी पुस्तिका काढायची का? पुढचा पेशंट तरी वाचेल."

"वाक्यात चूक नाही."

"चूक आहे असं मी कुठे म्हणतेय? दोन अर्थ आहेत, एवढंच म्हणतेय."

"त्यातला एक बरोबर आहे ना?"

"हो."

"मग झालं."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं सगळे त्या कपाकडे बघतात.

१४ मार्च, शुक्रवार

मंगळवारी चौकशी आहे. रुग्णवाहिका सेवेच्या कार्यालयात. त्यांच्या चौकशी अधिकारी बाई, साडू, मी आणि सारांश. सारांशांनी दार लावून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्देसूद बोलले.

"पुस्तिकेत दोष निघाला तर हे काम जाईल. त्यांच्यामागून बाकीचे जातील. मग मला कुणाला तरी दाखवावं लागेल."

"कुणाला?"

"पुस्तिकेवर नाव कुणाचं आहे?"

आवडीने घातलं होतं मी ते नाव. मुखपृष्ठावर, ठळक.

"आणि दोष वापरणाऱ्याचा निघाला तर?"

"तर मग तो त्यांचा माणूस आहे. त्यांचं ते बघतील." थोडं थांबून म्हणाले, "तुमचा कोणीतरी लागतो ना तो?"

"साडू."

"म्हणजे तसं लांबचंच."

या माणसाच्या टेबलावर काच आहे, तिच्याखाली त्याच्या मुलांचे, पुतण्यांचे, कुत्र्याचे फोटो, आणि बिस्किटांचा चुरा. काचेखाली चुरा जातो कसा? पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला उद्या कोण घेतं, हा विचार करत मी त्या चुऱ्याकडे बघत होतो. नुसती किळस.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "तुम्हाला त्यांनी सरळच विचारलं, हे वाक्य नीट आहे का, तर काय सांगाल?"

"स्पष्ट आहे म्हणून सांगेन."

"खात्रीने?"

"खात्रीने म्हणजे? माझं वाक्य आहे ते!"

"बरं," म्हणाली. 'बरं' या शब्दाचे मात्र एकशे आठ अर्थ आहेत. त्यावर कुणी चौकशी बसवत नाही.

१६ मार्च, रविवार

ही सकाळपासून बहिणीकडे. एकटीच गेली. मी येतो म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही नका येऊ, तुमचं तोंड वाईट आहे." सत्तावीस वर्षांनी लागलेला शोध.

संध्याकाळी परतली ती डोळे लाल करून. "काय झालं?" तर म्हणे कांदा कापला. बहिणीच्या घरी जाऊन कांदा कापत होतीस का, हे विचारायचं तोंडावर आलं होतं, पण तिने पिशवी ठेवली आणि उगीचच माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण शिवायला घेतलं. महिनाभर मागे लागलो होतो, तेव्हा शिवलं नाही.

"काय म्हणतोय तो?" मी विचारलं.

"काही नाही. म्हणाला, ताई, तुम्ही काळजी करू नका."

"स्वतःची करावी त्याने!"

"तेच मी म्हटलं त्याला," ती म्हणाली आणि दाताने दोरा तोडला. "नाहीच ऐकलं."

काय ऐकलं नाही, ते सांगितलं नाही. या दोघी बहिणींचं आणि त्याचं माझ्या माघारी काहीतरी शिजतं आहे. बहुधा सगळं माझ्या वाक्यावर ढकलायचा बेत. ढकला. मीही तयार आहे.

१८ मार्च, मंगळवार

झालं एकदाचं. आता घरी येऊन, हात दोनदा धुऊन लिहायला बसलो आहे, तरी त्या खोलीचा वास जात नाही. सतरंजीचा कुबट वास, जंतुनाशकाचा वास, आणि कुणाचा तरी डबा. टेबलावर बिस्किटांची बशी. तिच्यावर एक माशी मालकिणीसारखी फिरत होती. तिला कुणी उडवत नव्हतं, आणि सारांश त्याच बशीतलं बिस्कीट उचलून खात होते.

अधिकारी बाई चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन बसल्या होत्या. आवाज चढवणाऱ्या नव्हत्या. आधी चालकाचं म्हणणं वाचून दाखवलं: 'चक्र फिरत होतं, म्हणून मी थांबलो.' मग शिक्षिकाबाईंच्या मुलीचं. मग त्यांनी आमची पुस्तिका उघडली, पान सोळा काढलं आणि ती ओळ मोठ्याने वाचली. चांगली वाचली. मग तीच ओळ दुसऱ्यांदा वाचली, वेगळ्या शब्दावर जोर देऊन. आणि ती ऐकताना मला असं झालं की हे वाक्य मी कधी पाहिलेलंच नाही.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"याचा एकच अर्थ होतो, असं तुमचं म्हणणं आहे?"

मी तोंड उघडलं.

मी शब्द निवडत होतो. अशा ठिकाणी घाईने बोलू नये. माशी बशीच्या कडेवर आली. सारांशांचं चावणं बंद झालं. बाईंनी पेन टेकवून ठेवलं होतं कागदावर, आणि टोकाखाली शाईचा ठिपका मोठा होत होता. साडू माझ्याकडे बघत होता, ते मला न बघताही कळत होतं.

"मॅडम," साडू म्हणाला, "मी ती पुस्तिका वाचलीच नव्हती."

बाईंनी मान वळवली. "काय?"

"वाचली नव्हती. मनानेच शून्य घातलं. मला वाटलं, शून्य म्हणजे शून्य."

"न वाचता? रुग्णवाहिकेच्या ॲपमध्ये?"

"हो मॅडम."

"मग या वाक्याचा प्रश्नच येत नाही," बाई म्हणाल्या, आणि पुस्तिका मिटली. आवाजात पहिल्यांदाच धार आली होती, ती साडूसाठी होती. त्याला उद्यापासून यायचं नाही म्हणून सांगितलं. पुढे कुठे नोकरी मागायला गेला तरी त्याच्या नावापुढे हे राहणार. सारांशांनी उरलेलं बिस्कीट तोंडात टाकलं आणि टेबलाखालून माझ्या मांडीवर थाप मारली. ती मांडी अजून खाजते आहे.

खोटारडा! माझ्या घरात बसून पान आणि ओळ म्हणून दाखवणारा माणूस सरकारी टेबलावर सरळ तोंड करून सांगतो, वाचलंच नाही! आणि असल्याला मी दहा वर्षं साधा समजत होतो. बाहेर आल्यावर सोडलं नाही त्याला. गाड्या लावतात तिथे गाठलं.

"खोटं बोलताना जीभ झडली नाही तुझी?"

तो हेल्मेटचा पट्टा लावायच्या नादात होता. पट्टा लागत नव्हता. "बाईंनी विचारलं आणि तुम्ही बोलेनात, दादा. मी बघत होतो तुमच्याकडे. लई वेळ झाला. मग वाटलं, कुणीतरी तोडायला पाहिजे."

"मी शब्द निवडत होतो."

"निवडत असाल."

"स्पष्ट आहे, असंच म्हणणार होतो मी."

त्याने पट्टा सोडून दिला आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मी त्याला उत्तर दिलं असतं. "मग तर बरंच झालं," म्हणाला, "मी आधी बोललो ते."

बरं झालं म्हणजे काय, कुणाला बरं झालं, हे विचारायच्या आत त्याने गाडी सुरू केली. रुग्णालयात जायचं होतं म्हणे, पेपर वाचायला. धूर माझ्या तोंडावर आला.

हिने दार उघडलं. "सुटला का तो?"

"नाही."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे अडकलो होतो?"

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि पुढे काही न विचारता आत गेली. आत फोनवर बहिणीशी हळू आवाजात बोलते आहे. मध्येच बोलणं थांबतं, आणि मग दोघीही बराच वेळ काही बोलत नाहीत, पण फोन कुणीच ठेवत नाही.

वाक्य स्पष्ट आहे, असंच मी म्हणणार होतो. तोंड त्यासाठीच उघडलं होतं. हे आजच्या तारखेला इथे लिहून ठेवतो आहे, म्हणजे पुढे मला शंका यायला नको.